एडीएचडी, नाटकाची बस आणि 'सुपरपॉवर'चं कौतुक

गेले काही महिने माझ्या फीडमध्ये दोनच प्रकारची माणसं दिसतायत. एक म्हणतात, एडीएचडी (लक्ष एका जागी न टिकणं, चंचलता, उतावीळपणा, अशी मेंदूची जन्मजात ठेवण) ही देणगी आहे, सुपरपॉवर आहे, तुमचं मूल वेगळं आहे, जगाला ते कळत नाही एवढंच. दुसरे म्हणतात, आमच्या वेळी असलं काही नव्हतं, दोन धपाटे बसले की लक्ष जागेवर यायचं.

दुसऱ्यांशी वाद घालण्यात मला फारसा रस नाही. अलेक्झांडर क्रायटन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने १७९८ सालीच अशा माणसांचं वर्णन लिहून ठेवलंय. खोलीत कुणी टेबल सरकवलं, दार आपटलं, बाहेर कुत्रं भुंकलं की यांचं चित्त उडतं, असं. तेव्हा रील्स नव्हत्या, मोबाइल नव्हता, मैदाही आपल्याइतका खात नसावेत. आणि धपाट्यांचं म्हणाल तर ते मी पोटभर खाल्लेत. लक्ष तेव्हाही खिडकीबाहेरच असायचं.

आज बोलायचंय ते पहिल्यांशी. कारण मला एडीएचडी आहे, चाळिशीत निदान झालंय, गोळी चालू आहे, आणि त्यांचं अर्धं म्हणणं मला मनापासून पटतं. उरलेल्या अर्ध्याने मात्र माझं डोकं फिरतं.

मी व्यावसायिक नाटकात कपडेपट आणि प्रॉपर्टी बघते. म्हणजे पडदा उघडल्यावर तुम्हाला टेबलावर जो तांब्या दिसतो, तो तिथे असणं ही माझी जबाबदारी. नायिकेच्या पदराला पिन आहे की नाही, मास्तरांच्या खिशात पत्र आहे की नाही, ही पण. आता म्हणाल, विसराळू बाईला असलं काम कुणी दिलं? मलाही हा प्रश्न बरीच वर्षं पडला होता. घरी मी गॅसवर दूध ठेवून गच्चीत जाते आणि वाटेत शेजारणीचं मनीप्लांट दिसलं की दूध संपलं. पण प्रयोगाला मी चोख. घरच्यांचा तर ठाम समज होता की मला घरच्या कामाचा कंटाळा आहे आणि बाकी सगळं नाटक आहे (विनोद त्यांचा, माझा नाही).

एक प्रयोग सांगते. दौऱ्यावर होतो, रविवारची रात्र, तालुक्याच्या गावचं नाट्यगृह, हाउसफुल्ल. नाटकात दुसऱ्या अंकात काळ वीस वर्षं मागे जातो आणि पहिल्या अंकातले निवृत्त मास्तर धोतर, लांब कोट, काळी टोपी अशा वेशात येतात. मध्यंतर झालं, मी मास्तरांची बॅग काढायला गेले तर बॅग नाही. टेम्पोवाल्याने दुपारीच रिकामे पेटारे पुढच्या मुक्कामाला नेले होते, त्यांच्याबरोबर तीही गेली. पंधरा मिनिटं हातात. मॅनेजर घामाघूम, मास्तर बनियनवर उभे, दिग्दर्शकाचा फोन लागत नाही, बाहेर वड्यांना गर्दी.

आणि माझ्या डोक्यात एकदम शांतता. एरवी तिथे चार रेडिओ एकाच वेळी चालू असतात. ते सगळे बंद झाले आणि सकाळपासून त्या नाट्यगृहात डोळ्यांनी उगाचच टिपलेल्या फालतू गोष्टी एकेक करून समोर यायला लागल्या. मेकअप रूमच्या मागच्या खिडकीतून दिसणाऱ्या दोरीवर कँटीनवाल्या मामांचं धोतर वाळत होतं. दारात आमचं स्वागत करणारे एक गृहस्थ कुठल्याशा रिसेप्शनवरून बंद गळ्याचा कोट घालून आले होते आणि त्या कोटाचं वरून तिसरं बटण लोंबत होतं. सत्काराच्या वेळी सगळे नारळ-शाल बघत होते, मी ते बटण बघत होते. धोतर आलं, दमट होतं, इस्त्री फिरवली, वाफ निघाली. कोट आला. मास्तरांच्या अंगात तो जरा सैल होता, पाठीला आतून दोन सेफ्टी पिना मारल्या. बटण मी तिथल्या तिथे घट्ट शिवून टाकलं, कारण ते लोंबताना बघून मला राहवेना. टोपी काही मिळाली नाही. त्या रात्री मास्तर बोडक्याने आले आणि पुढे दिग्दर्शकाने ते तसंच ठेवलं. तिसरी घंटा वेळेवर झाली.

त्याच रात्री लॉजवर मी खर्चाचा हिशोब लिहायला बसले. सात-आठ व्हाउचर असतील. थोड्या वेळाने मी पेनाचं टोपण शोधत पलंगाखाली वाकलेली होते, मग पलंगाखाली सापडलेलं कुणाचं तरी कानातलं खरं की खोटं ते बघत होते. मग दोन वाजले. हिशोब झाला नाही.

आता यातली सुपरपॉवर कुठली आणि आजार कुठला, सांगा बरं. दोरीवरचं धोतर टिपणारी नजर आणि पेनाचं टोपण शोधताना कानातल्यापाशी अडकणारी नजर एकच आहे. दोन वेगळे कप्पे नाहीत, की एक ठेवू आणि दुसरा काढून टाकू. कौतुकाच्या पोस्ट टाकणारे नेमके इथे गडबड करतात. ते गुणांची एक यादी करतात, सर्जनशील, धाडसी, उत्साही, संवेदनशील, आणि ती मुलाच्या गळ्यात हारासारखी घालतात. पण हे गुण माणसात नुसते पडून नसतात. काम कसलं आहे, वेळ किती आहे, समोर कोण आहे, यावर ते उगवतात किंवा उगवत नाहीत.

यावर अभ्यास झालेत आणि मला त्यातले दोन फार आवडतात. केनियाच्या उत्तरेला आरिआल नावाचे पशुपालक लोक आहेत. त्यातले काही अजून गुरं घेऊन भटकतात, काही गेल्या काही दशकांत एका जागी स्थिरावले. मेंदूतल्या डोपामाइन या रसायनाशी संबंधित एका जनुकाचं एक रूप असं आहे, जे नावीन्याच्या ओढीशी आणि काही अभ्यासांत एडीएचडीशी जोडलं गेलंय. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असं दिसलं की भटक्या आरिआल पुरुषांमध्ये हे रूप असलेले जास्त चांगले पोसलेले होते, आणि स्थिरावलेल्यांमध्ये तेच रूप असलेले उलट जरा खालावलेले. जमात तीच, जनुक तेच. बदललं फक्त जगणं. एका जनुकावरून एडीएचडी ठरत नाही, शेकडो जनुकांचा त्यात थोडा थोडा हात असतो, त्यामुळे 'भटक्यांचं जनुक' असा मथळा कुणी टाकला तर लगेच शेअर करू नका. तरीही हे वाचलं तेव्हा मला आमची नाटकाची बसच दिसली. रोज नवं गाव, नवं नाट्यगृह, नवा स्विचबोर्ड, रात्री सामान बांधा आणि निघा. आमच्या बसमध्ये 'जरा भिरभिरी' म्हणता येतील अशी माणसं इतकी का असतात, हे कोडं मला तेव्हा थोडं सुटलं.

दुसरा अभ्यास अगदी अलीकडचा, २०२४ चा, अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांचा. ४५७ जणांना कॉम्प्युटरवर बेरी तोडायचा खेळ दिला. एकाच झुडपापाशी थांबलात तर हळूहळू फळं कमी मिळत जातात, दुसऱ्या झुडपाकडे जायचं तर वेळ मोडतो. ज्यांच्यात एडीएचडीची लक्षणं जास्त होती ते झुडूप लवकर सोडून पुढे जात होते. आणि शेवटी त्यांच्याच टोपलीत सरासरीने जास्त फळं पडली. बाकीचे आहे तिथेच चिकटून राहिले होते. लक्षणं प्रश्नावलीवरून ठरवली होती, डॉक्टरांनी तपासून नव्हे, आणि स्क्रीनवरचं झुडूप म्हणजे काही खरी करवंदाची जाळी नाही. पण 'एका जागी बूड टिकत नाही' हे वाक्य मी आयुष्यभर शिवी म्हणून ऐकलं, ते पहिल्यांदाच कुणी हिशोबात जमेच्या बाजूला लिहिलेलं बघितलं. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

सर्जनशीलतेचं असंच. २००६ साली व्हाइट आणि शाह या दोन अमेरिकन संशोधकांनी एडीएचडी असलेल्या आणि नसलेल्या कॉलेजच्या मुलांना साध्या वस्तूचे जगावेगळे उपयोग सुचवायला सांगितले. त्यात एडीएचडीवाले पुढे. मग अशी कोडी दिली, ज्यांत तीन शब्दांना जोडणारा एकच नेमका शब्द शोधायचा असतो. त्यात मागे. कौतुकाच्या पोस्टमध्ये पहिलं वाक्य येतं, दुसरं येत नाही. माझ्याकडे कल्पनांचा तोटा कधीच नव्हता. आमच्या एका नेपथ्यकाराला मी एका दुपारी विहीर दाखवायचे इतके प्रकार सुचवले की तो चहा अर्धा टाकून उठून गेला. त्यातली एक निवडायची, तिचा खर्च काढायचा, सुताराला माप द्यायचं, ते मंगळवारपर्यंत झालं का बघायचं, तिथे मी संपते. तिथे आमचे अण्णा लागतात. अण्णा म्हणजे आमचे लाइटवाले, वय साठीच्या पुढे, खिशात कायम एक छोटी वही आणि कानावर पेन्सिल. अण्णांना आयुष्यात एकही भन्नाट कल्पना सुचलेली नाही, हे ते स्वतः सांगतात. पण मी सुचवलेल्या आणि प्रत्यक्षात रंगमंचावर आलेल्या प्रत्येक गोष्टीच्या मागे त्यांची वही आहे.

आणि हायपरफोकस. याबद्दल सगळ्यात जास्त रोमँटिक लिहिलं जातं. एखाद्या गोष्टीत बुडालं की तासन् तास भान राहत नाही, वगैरे. खरंय ते. एका संगीत नाटकासाठी मी जुन्या पद्धतीच्या शेल्याला हाताने जर लावत बसले होते. संध्याकाळी बसले, मान वर केली तेव्हा दूधवाला आला होता. तो शेला मी आजही कुणाला दाखवला तर लोक मशीनचं काम समजतात. त्या रात्रीसारखं सुख मला दुसऱ्या कशात मिळालेलं नाही, आणि हे मी लग्न झालेली, मूल असलेली बाई लिहितेय. पण त्या रात्री मी जेवले नव्हते, पाणी प्यायले नव्हते, लघवीला उठले नव्हते, आणि मुलीच्या शाळेच्या ग्रुपवर आलेले मेसेज दुसऱ्या दिवशी दुपारी बघितले. शिवाय ही समाधी बोलावून येत नाही. जीएसटीच्या कागदांवर ती कधीच लागली नाही. रस, नावीन्य, आव्हान, किंवा डोक्यावर आलेली घंटा, यातलं काही असेल तरच गाडी हलते. 'मनावर घेतलं तर तू काहीही करू शकतेस' हे वाक्य आमच्यासारख्यांना फार लागतं, कारण मनावर घ्यायचं बटणच आमच्या हातात नसतं. आणि लोकांनी आम्हाला एकदा तसं करताना बघितलेलं असतं, त्यामुळे पुढच्या वेळी झालं नाही की तो आळस ठरतो.

संकटात शांत राहण्याबद्दलही थोडं. बऱ्याच एडीएचडीवाल्यांकडून मी हे ऐकलंय, अपघात झाला, पाहुणे अचानक आले, लाइट गेले की आम्ही एकदम नीट चालायला लागतो. तेव्हा डोकं जागं होतं. पण यालाही दुसरी बाजू आहे. संकटाशिवाय काम होत नाही म्हटल्यावर माणूस नकळत संकटं शिजवत ठेवतो. ट्रेन सुटायच्या आधी पाच मिनिटं स्टेशनवर पोहोचायचं, बिल शेवटच्या रात्री भरायचं. घरच्यांचं रक्त आटतं आणि आपण म्हणतो, बघा, झालं की नाही! मी आता दुसऱ्यांच्या रक्ताच्या भरवशावर जगायचं कमी केलंय. गोळीने त्यात बरीच मदत केली.

चिकाटी, माणुसकी, विनोदबुद्धी यांचीही नावं घेतली जातात. इंग्लंडमध्ये एडीएचडी असलेल्या यशस्वी प्रौढांच्या सविस्तर मुलाखती घेऊन केलेला एक अभ्यास आहे, त्यात ऊर्जा, धैर्य, माणुसकी, पडून पुन्हा उठण्याची ताकद अशा गोष्टी पुढे आल्या. वाचायला छान आहे. फक्त त्यात माणसं सहा होती, सहाही पुरुष, आणि निवडच यशस्वी लोकांची. जे पडले आणि उठले नाहीत त्यांची मुलाखत कुणी घेतलेली नाही. विनोदाचं म्हणाल तर वर्गात रोज बोलणी खाणारं पोर हसवायला शिकतंच. ते एडीएचडीचं देणं म्हणायचं की बोलणी खाण्याचं, मला खरंच ठरवता येत नाही.

आणि मुली. मुलगे बाकावर नाचतात म्हणून त्यांचं निदान तरी लवकर होतं. मुली खिडकीबाहेर बघत बसतात, कुणाला त्रास देत नाहीत. प्रगतिपुस्तकावर शेरा, 'हुशार आहे, पण लक्ष देत नाही.' घरी 'धांदरट', 'वेंधळी', 'सासरी कसं होणार हिचं'. लहानपणी मुलग्यांचं निदान मुलींच्या दुपटीहून जास्त होतं आणि मोठेपणी हे अंतर बरंच कमी होतं. मधल्या वर्षांत त्या मुली काय करत असतात? वेंधळेपणा लपवायला शिकत असतात. त्यात इतकी ताकद जाते की गुण दाखवायला काही उरत नाही. सुपरपॉवरच्या रील्समध्ये या बायका मला दिसत नाहीत.

मग उदाहरणं येतात. जलतरणपटू मायकेल फेल्प्स, जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स. दोघंही खरंच एडीएचडीबद्दल उघड बोललेत. फेल्प्सचं निदान नवव्या वर्षी झालं, आणि त्याने ऑलिंपिकमध्ये २८ पदकं घेतली, त्यातली २३ सुवर्ण. पण त्या मुलाचा दिवस कसा होता ते बघा. तलाव, लेन, घड्याळ, एकच प्रशिक्षक वर्षानुवर्षं, आणि शिक्षकांशी बोलून मार्ग काढणारी आई. बाइल्सची तर औषधाची माहिती २०१६ मध्ये हॅकर्सनी चोरून बाहेर काढली. तेव्हा तिने सरळ सांगितलं की मला एडीएचडी आहे, लहानपणापासून औषध घेते, यात लपवण्यासारखं काही नाही. तिचा फोटो लावून 'औषधं देऊ नका, मुलाची सुपरपॉवर मारू नका' असं लिहिणाऱ्यांना एवढी एक बातमी वाचायला काय हरकत आहे? आपल्याकडे मल्याळम अभिनेता फहाद फासिलने २०२४ मध्ये एकेचाळिसाव्या वर्षी निदान झाल्याचं सांगितलं. आलिया भट त्याच वर्षी स्वतःच्या एडीएचडीबद्दल बोलली, की कॅमेऱ्यासमोर असते तेव्हा ती पूर्ण त्या क्षणात असते. मला ते लगेच कळलं. लाइट, कॅमेरा, सगळ्यांचे डोळे आपल्यावर, हातात एकच काम. माझी विंग तशीच आहे.

मी नाटकात टिकले याचं कारण मला शिस्त लागली हे नव्हे. नाटकात शिस्त बाहेर टांगलेली असते. पहिली घंटा, दुसरी घंटा, तिसरी घंटा. पुढे ढकलायची सोयच नाही, हजार माणसं खुर्चीत बसलेली असतात. प्रत्येक वस्तूची जागा टेबलावर खडूने आखलेली असते, जागा रिकामी दिसली की वस्तू राहिली हे कळतं. काम उभ्याने, पळत. निकाल त्याच रात्री. चुकलं तर अण्णा तिथेच ओरडतात आणि दहा मिनिटांनी चहा देतात. मी याआधी एका खासगी ऑफिसात होते. तिथे कामाची मुदत तीन महिन्यांनी, शाबासकी वर्षाने, आणि दिवसभर एका खुर्चीत. तिथल्या साहेबांनी मला सरळ 'तू बिनकामाची आहेस' असं सांगितलं होतं. त्यांच्या खुर्चीतून बघितलं तर ते खरंच होतं. मी तीच, डोकं तेच.

म्हणूनच 'देणगी' म्हणताना जरा इकडेतिकडे बघा, असं मला वाटतं. पुण्या-मुंबईतल्या ज्या मुलाला थेरपिस्ट आहे, समजूतदार शाळा आहे, चित्रकलेचा क्लास आहे, त्याची भिरभिर देणगी ठरते. आमच्या नाट्यगृहाच्या कँटीनमध्ये कपबशा विसळणारं चौदा-पंधरा वर्षांचं पोर आहे. शाळा सुटली, हाताला वेग प्रचंड, तोंड सतत चालू, रोज एखादा कप फुटतो. त्याचं कुणी निदान केलेलं नाही आणि मी करणारी कोण. पण तो मोटरसायकल चालवायला लागेल तेव्हा मला भीती वाटणार आहे. स्वीडनमध्ये हजारो लोकांच्या नोंदी तपासून केलेल्या, २०१४ मध्ये आलेल्या अभ्यासात एडीएचडी असलेल्या पुरुषांमध्ये औषध चालू असलेल्या काळात वाहनांच्या गंभीर अपघातांचा धोका निम्म्याहून कमी दिसला होता. म्हणजे औषध नसतानाचा धोका किती, तो हिशोब तुम्हीच करा. आपल्याकडे एडीएचडीसाठी दिलं जाणारं मिथाइलफेनिडेट हे औषध नियंत्रित यादीत आहे, प्रिस्क्रिप्शन असूनही प्रत्येक दुकानात मिळत नाही. दौऱ्यावर निघताना मी साबण विसरते पण ही पट्टी चारदा तपासते. आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात स्वमग्नता आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडीचं नाव वेगळं नाही. सुपरपॉवरच म्हटल्यावर सवलत कशाला मागता, असं उद्या कुणी विचारलं तर उत्तर काय देणार आहोत?

मागच्या आठवड्यात एका मैत्रिणीने विचारलं, तिचा मुलगा सातवीत आहे, नुकतंच निदान झालंय, त्याला सांगू का की तू स्पेशल आहेस? मी म्हटलं, सांग, पण त्याआधी त्याच्या टेबलावर खडूने जागा आखून दे. कंपासपेटीची, बाटलीची, चष्म्याची. गृहपाठ तासाचा नको, दहा-दहा मिनिटांचा, मध्ये गच्चीवर पळून ये म्हणावं. औषधाचं मला विचारू नकोस, मानसोपचारतज्ज्ञांना विचार. आणि तो सध्या कशात बुडालेला आहे ते बघ. तिने सांगितलं, गणपतीत मंडळाच्या लायटिंगवाल्याच्या मागे मागे होता, आता घरातले जुने रिमोट उघडून बसतो, अभ्यासाच्या नावाने बोंब. मी तिला अण्णांचा नंबर दिलाय. दिवाळीच्या सुट्टीत दोन-तीन प्रयोगांना येऊ दे म्हणाले, वायरी गुंडाळायला माणूस लागतोच. नियम फक्त एक घातलाय अण्णांनी, खिशात वही पाहिजे.